पाठ टेकली, आता बोला

आमच्या घरात जमिनीला पाठ टेकणं म्हणजे नामुष्की. बाबा तरुणपणी पंचवटीतल्या तालमीत घुमलेले. कुस्तीत पाठ टेकली की चीतपट, विषय संपला. आणि मी ४३व्या वर्षी दरमहा फी भरून गंगापूर रोडला जिउ-जित्सू या कुस्तीसारख्या खेळाच्या क्लासमध्ये पाठ टेकायला जातो. तिथे म्हणे पाठ टेकल्यावरच खरा खेळ सुरू होतो.

माझ्या पोटावर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक पोरगा बसतो. वजन ८२ किलो, संस्कार त्याहून जड. माझा गळा आवळताना म्हणतो, "काका, त्रास झाला तर थोपटा हं." थोपटणं म्हणजे हार मानणं. या बसण्याला माउंट म्हणतात. त्याचे चार गुण. अर्थात त्याला.

सुटकेचा डाव 'उपा'. पहिल्या दिवशी मला 'उपमा' ऐकू आलं आणि उगाच बरं वाटलं. सर म्हणाले, "बाजेच्या एकाच अंगाचे दोन पाय काढले तर बाज कुठे पडेल?" म्हणून त्याचा एक हात छातीशी कवटाळायचा, त्याच बाजूचं त्याचं पाऊल आपल्या पावलाने अडकवायचं, टाचा ढुंगणाशी ओढायच्या आणि कंबर उसळवायची. सरळ छताकडे नाही, त्याच बाजूच्या खांद्यावरून तिरकी. त्या बाजूला टेकायला हात नाही, पाय नाही. लोळलाच पाहिजे.

मी तीन आठवडे उजवा हात आणि डावा पाय धरत होतो. कंबर उसळली की तो मोकळा पाय टेकवून सावरायचा, बसमध्ये ब्रेक लागल्यावर लोक दांडा पकडतात तसा. मग परत बसायचा. जरा जास्तच ऐसपैस.

घरी गादीची वळकटी पोटावर घेऊन सराव केला. बायको दारातून म्हणाली, "एवढा जोर आहे तर गॅसचा सिलिंडर आत आणा." बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त टीव्हीचा आवाज वाढवला.

परवा मात्र हात आणि पाय एकाच बाजूचे सापडले. उसळलो, आणि छताचा पंखा दिसेनासा झाला. तो आता पोराला दिसत होता! मी वर, त्याच्या दोन पायांच्या मध्ये.

"सर, किती गुण?"

"शून्य. गार्डमधून, म्हणजे वरचा आपल्या पायांच्या मध्ये असताना उलटवलं, तर दोन मिळतात. माउंटमधून उलटवलं तर नुसती सुटका."

हे पचवतोय तोवर खालच्या पोराने पायांचा त्रिकोण करून माझी मान आणि एक हात त्यात करकचून बसवला. मी थोपटलं. तो म्हणाला, "काका, मस्त उपा होता."

रात्री बाबांनी विचारलं, "पाठ टेकवलीस का कुणाची?"

"टेकवली."

पुढचं सांगायला तोंड उघडलं, पण ते तोवर तालमीतल्या जुन्या दोस्ताला फोन लावत होते. "अरे, आपल्या पोराने आज इंजिनिअर चीत केला!"