स्टार आणला, पण संघात उरले कोण?

दरवर्षी फेब्रुवारीत एनबीए या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत जवळ आली, की एक विधान नव्याने फिरू लागते. तरुण खेळाडू म्हणजे नुसती आशा, सिद्ध झालेला स्टार म्हणजे खात्री. म्हणून ज्या संघाला विजेतेपद हवे आहे त्याने आपले होतकरू खेळाडू आणि ड्राफ्टमधले, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतले, पुढच्या वर्षांचे हक्क देऊन टाकावेत आणि स्टार आणावा, असा त्याचा आशय असतो. पुराव्यादाखल २०१९ चा टोरांटो रॅप्टर्स आणि २०२० चा लॉस एंजेलिस लेकर्स ही दोन नावे हमखास पुढे केली जातात, ड्राफ्ट ही शेवटी लॉटरीच असल्याचे सांगितले जाते, आणि चाहत्यांनी आणखी किती वर्षे वाट पाहायची, या प्रश्नाने विषय संपवला जातो. स्टार आणूच नये, असे माझे म्हणणे नाही. पण अशा सौद्याचा निकाल कोण आले यापेक्षा कोण उरले यावर ठरतो, आणि नेमकी हीच बाजू या विधानातून गळालेली आहे.

सुरुवात टोरांटोपासूनच करू. जुलै २०१८ मध्ये रॅप्टर्सनी सॅन अँटोनिओकडून कवाय लेनर्ड आणि डॅनी ग्रीन यांना घेतले, आणि पुढच्याच जूनमध्ये ते विजेते झाले, हे खरे आहे. मात्र त्या बदल्यात त्यांनी काय दिले, ते सहसा कोणी सांगत नाही. डीमार डीरोझन तेव्हा २९ वर्षांचा होत आला होता आणि तो स्वतःच प्रस्थापित स्टार होता. म्हणजे हा सौदा मुळात एका स्टारच्या बदल्यात दुसऱ्या स्टारचा होता. सोबत तरुण म्हणावा असा एकटा याकोब पर्टल गेला, आणि पहिल्या फेरीतला एक पिक, म्हणजे ड्राफ्टमधला निवडीचा हक्क, गेला, तोही पहिल्या २० मध्ये आला तर टोरांटोकडेच राहील या अटीवर. पास्कल सियाकम, फ्रेड व्हॅनव्लीट आणि ओजी अनुनोबी या तिघांपैकी एकालाही टोरांटोने हात लावू दिला नाही.

यांतल्या दोघांना ठेवण्याचे मोल काय होते, ते अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात दिसले. आपल्याकडे १४ जूनची सकाळ होती. टोरांटोने गोल्डन स्टेटला ११४-११० असे हरवले, आणि त्यात काइल लाउरी व सियाकम यांचे प्रत्येकी २६ गुण होते, तर लेनर्ड आणि व्हॅनव्लीट यांचे प्रत्येकी २२. सियाकम हा २०१६ च्या ड्राफ्टमध्ये २७ व्या क्रमांकावर घेतलेला खेळाडू. व्हॅनव्लीटला त्याच वर्षी कोणीही निवडले नव्हते, आणि त्याने चौथ्या क्वार्टरमध्ये १२ गुण केले. लेनर्ड नसता तर टोरांटो तिथवर पोहोचलाच नसता, हे मी निःसंकोच मान्य करतो. फिलाडेल्फियाविरुद्धच्या सातव्या सामन्यात शेवटच्या क्षणी रिंगवर चार वेळा उसळून आत गेलेला त्याचा चेंडू विसरणे शक्य नाही. पण करंडक ठरला त्या सामन्यात गोल्डन स्टेटचा बचाव लेनर्डवर एकवटला असताना बाकीचे गुण ज्यांनी काढले, त्यांतले दोघे संघाने स्वतः घडवलेले होते. वरच्या विधानाचा सल्ला २०१८ मध्ये शब्दशः पाळला असता, तर हे दोघे त्या सामन्यात टोरांटोच्या गणवेशात दिसलेच नसते.

लेकर्सचे उदाहरण मात्र खरोखर तरुणांच्या बदल्यात स्टार आणल्याचे आहे, आणि तो सौदा योग्यच होता. २०१९ मध्ये ॲन्थनी डेव्हिससाठी त्यांनी ब्रँडन इंग्रम, लॉन्झो बॉल, जॉश हार्ट आणि पहिल्या फेरीतले तीन पिक दिले, आणि पुढच्या वर्षी विजेतेपद मिळवले. इंग्रम त्याच मोसमात सर्वाधिक सुधारणा केलेला खेळाडू ठरला, तरी लेकर्सना पस्तावण्याचे कारण नव्हते, कारण त्यांच्याकडे ३४ वर्षांचा लेब्रॉन जेम्स होता आणि इंग्रम-बॉल जोडी परिपक्व होईपर्यंत थांबणे त्याच्या वयाला परवडणारे नव्हते. म्हणजे जगातला सर्वोत्तम म्हणता येईल असा एक खेळाडू आधीच घरात असताना दुसरा आणला, तेव्हा हे गणित जुळले. हे उदाहरण देणाऱ्या किती संघांकडे लेब्रॉन आहे?

बॉस्टनचा २००७ चा सौदाही याच रांगेत बसतो. केव्हिन गार्नेटसाठी त्यांनी अल जेफरसनसह पाच खेळाडू आणि दोन पिक दिले. २४ विजयांवरून संघ एका वर्षात ६६ विजयांवर गेला आणि २००८ चे विजेतेपद त्यांना मिळाले. पण पॉल पियर्स तिथे होताच, रे ॲलन त्याच उन्हाळ्यात आला होता, आणि अवघे एक वर्ष खेळलेला राजॉन रॉन्डो त्यांनी सोडला नाही. चेंडू खेळवणारा तरुण गार्ड त्यांनी घरात ठेवला, हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो.

कारण लॉस एंजेलिस क्लिपर्सनी बरोबर याच्या उलट केले. जुलै २०१९ मध्ये पॉल जॉर्जसाठी त्यांनी ओक्लाहोमा सिटीला शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीतले पाच पिक आणि दोन वर्षांचे पिक बदलून घेण्याचे हक्क दिले. त्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे: जॉर्ज येणार असेल तरच लेनर्ड येणार, अशी परिस्थिती होती, त्यामुळे ते एका सौद्यात दोन स्टार मिळवत होते. जॉर्जनेही खेळात कसूर केली नाही. २०२१ मध्ये लेनर्ड जखमी झाल्यावर क्लिपर्सना त्यांच्या इतिहासात प्रथमच वेस्टर्न कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगमधल्या पश्चिम गटाच्या, अंतिम मालिकेपर्यंत नेणारा तोच होता. पण पाच मोसमांत विजेतेपदाची अंतिम मालिका एकदाही आली नाही, आणि २०२४ मध्ये करार संपल्यावर जॉर्ज फिलाडेल्फियाला निघून गेला. क्लिपर्सच्या हाती त्याच्या बदल्यात काहीही आले नाही. तिकडे २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटी ६८ विजयांसह विजेती झाली. त्या मोसमाचा आणि अंतिम मालिकेचाही सर्वोत्तम खेळाडू गिल्जस-अलेक्झांडर होता, आणि अंतिम मालिकेच्या पाचव्या सामन्यात ४० गुण करणारा जेलन विल्यम्स क्लिपर्सकडून आलेल्या पिकवरच, २०२२ मध्ये १२ व्या क्रमांकावर निवडला गेला होता.

यावर असे म्हटले जाते, की हे सगळे मागाहून सुचलेले शहाणपण आहे. २०१९ मध्ये हे कोणाला दिसत होते? इथेच ड्राफ्ट म्हणजे लॉटरी हा दुसरा मुद्दा येतो. पिकपुरता तो बराचसा खरा आहे. न पाहिलेल्या, कदाचित अजून शाळेत असलेल्या मुलावर कोणी विश्वास टाकू नये. पण गिल्जस-अलेक्झांडर हा न फाडलेला लॉटरीचा कागद नव्हता. पहिल्याच मोसमात तो ८२ पैकी ८२ सामने खेळला होता, त्यांतले ७३ सुरुवातीच्या पाचांत, आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, तेव्हाच्या विजेत्या गोल्डन स्टेटविरुद्ध चौथ्या सामन्यात त्याने २५ गुण केले होते. तेही वयाच्या विसाव्या वर्षी. पुरावा क्लिपर्सच्या स्वतःच्या मैदानावर समोर उभा होता.

उलट बाजूही खरी आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. गोल्डन स्टेटने २०२० मध्ये दुसऱ्या क्रमांकावर जेम्स वाइझमनला निवडले आणि त्याला घट्ट धरून ठेवले. पहिल्या मोसमात तो ३९ सामने खेळला, दुसऱ्यात गुडघ्याच्या दुखापतीमुळे एकही नाही, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याला सोडले तोवर त्याची किंमत पार उतरली होती. त्याला आधीच देऊन कोणी अनुभवी आणला असता तर बरे झाले असते, हे विधानकर्त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र वाइझमनची उंची आणि हातांचा पल्ला सगळ्यांना ठाऊक होता, प्रत्यक्ष खेळ फारसा कोणी पाहिला नव्हता. गिल्जस-अलेक्झांडरच्या बाबतीत खेळ समोर होता. ‘तरुण’ हा एकच शब्द या दोघांनाही लावला, की विचार तिथेच थांबतो, आणि माझी खरी तक्रार त्या एका शब्दाबद्दल आहे.

आता पैशाकडे वळू, कारण खात्री आणि आशा यांच्या तुलनेत पगाराचा उल्लेखच होत नाही. एनबीएत संघाच्या पगारखर्चाला मर्यादा असते. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पगार पहिली चार वर्षे ठरलेल्या तक्त्यानुसार, म्हणजे तुलनेने फार कमी असतो, आणि ती संपल्यावरही दुसऱ्या संघाने देऊ केलेल्या रकमेची बरोबरी करून त्याला ठेवून घेण्याचा हक्क मूळ संघाकडे राहतो. उलट दहा वर्षे खेळलेल्या स्टारचा कमाल पगार त्या मर्यादेच्या ३५ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून स्वस्त करारावरचा चांगला तरुण देताना संघ खेळाडू तर देतोच, शिवाय त्या कमी पगारामुळे इतर अनुभवी खेळाडूंसाठी मोकळी राहिलेली जागाही देऊन बसतो. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२३ च्या करारानंतर ही गोष्ट आणखी कठोर झाली आहे: खर्चाची सर्वांत वरची पातळी ओलांडणाऱ्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही, आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीतला पिक देण्यावरही बंदी येते. चूक झाली, तर ती दुरुस्त करण्याची वाटच बंद होते.

फिनिक्सला हे सगळे सोसावे लागले. २०२१ मध्ये अंतिम मालिका खेळलेल्या आणि पुढच्या मोसमात ६४ सामने जिंकलेल्या या संघाने फेब्रुवारी २०२३ मध्ये केव्हिन ड्युरंटसाठी मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन आणि पहिल्या फेरीतले चार पिक कोणत्याही अटीविना दिले, आणि काही महिन्यांत ब्रॅडली बीललाही आणले. ड्युरंट उत्तम खेळला. पण बचावाला प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम खेळाडूसमोर उभा राहणारा ब्रिजेस गेल्यावर ती जागा भरायला ना पैसा उरला ना पिक. २०२४ मध्ये प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत मिनेसोटाने त्यांना ४-० असे हरवले, २०२५ मध्ये ३६ विजयांसह ते प्लेऑफबाहेर राहिले, आणि त्याच उन्हाळ्यात ड्युरंट ह्यूस्टनला गेला. त्या व्यवहारात फिनिक्सला जो दहाव्या क्रमांकाचा पिक मिळाला, तो मुळात त्यांचाच होता. ड्युरंटसाठी ब्रुकलिनला दिलेला हक्क पुढे ह्यूस्टनकडे गेला होता, आणि तोच फिरून घरी आला. २०१३ मध्ये ब्रुकलिनने स्वतः वयस्कर गार्नेट आणि पियर्स यांच्यासाठी बियाण्याचे धान्य असेच दळून खाल्ले होते, आणि त्या पिकांतून बॉस्टनला जेलन ब्राउन आणि जेसन टेटम मिळाले.

राहता राहिला चाहत्यांचा प्रश्न, आणि तो मी हलका मानत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळले. पहिला सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सनी तो एका गुणाने जिंकला. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, म्हणून आपल्याकडच्या अनेकांना तो संघ जवळचा वाटतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच दोन संघांनी अदलाबदल केली. सॅक्रामेंटोने दुसऱ्याच मोसमात असलेला टायरिस हॅलिबर्टन दिला आणि ऑल-स्टार डोमँटास सबोनिस घेतला. पुढच्या मोसमात किंग्जनी ४८ सामने जिंकले, सोळा वर्षांचा प्लेऑफचा दुष्काळ संपवला, आणि प्रत्येक विजयानंतर त्यांच्या स्टेडियमच्या छतावरून जांभळा प्रकाशझोत आकाशात जाऊ लागला. तो आनंद खोटा होता, असे कोणी म्हणू नये. पण पहिल्याच फेरीच्या सातव्या सामन्यात स्टीफन करीने ५० गुण करून त्यांना बाहेर काढले, आणि पुढचे दोन्ही मोसम प्लेऑफच्या दाराशीच संपले.

इंडियानाने हॅलिबर्टनभोवती अँड्र्यू नेम्बहार्ड आणि ॲरन नेस्मिथ यांना वाढवले, आणि हे झाल्यावरच, जानेवारी २०२४ मध्ये, स्टार आणला. तो स्टार म्हणजे टोरांटोने २०१८ मध्ये हातचा जाऊ दिला नव्हता तोच सियाकम. त्याच्यासाठी पहिल्या फेरीतले तीन पिक आणि ब्रूस ब्राउनसारखे भोवतीचे खेळाडू गेले. गाभ्यातला एकही तरुण गेला नाही. २०२५ ची अंतिम मालिका पेसर्स सातव्या सामन्यात हरले, आणि त्याच सामन्यात हॅलिबर्टनच्या टाचेचा स्नायुबंध तुटला, हे दुःख आहेच. पण वाट पाहिल्याने काय मिळते, असे विचारणाऱ्याला मी त्या मालिकेचा ओक्लाहोमा सिटीतला पहिला सामना दाखवीन. चौथ्या क्वार्टरमध्ये १५ गुणांनी मागे पडलेल्या पेसर्सच्या हॅलिबर्टनने ०.३ सेकंद उरले असताना चेंडू टाकला, आणि फलक १११-११० झाला. संपूर्ण सामन्यात पेसर्स पुढे होते ते एवढेच.