गेमचा निकाल पहिल्या आठवड्यात लावू नका

आज सकाळपासून डोकं फिरलंय. आमच्या गेमिंगच्या ग्रुपवर एका मुलाने साधा प्रश्न टाकला. नुकतंच लग्न झालंय, घरी पीएस४ आहे, बायकोलाही गेमची गोडी लागतेय, दोघांना एका टीव्हीवर खेळता येईल असं काहीतरी हवंय. सेलमध्ये डियाब्लो ३ दिसतोय (राक्षस मारायचे आणि पडलेलं सामान गोळा करायचं, तो गेम), घेऊ का? एवढंच. पाच मिनिटांत एकाने मेटाक्रिटिकचा (गेमच्या परीक्षणांचे गुण एकत्र करणारी साइट) स्क्रीनशॉट चिकटवला: लोकांनी दिलेले गुण, दहापैकी पाचसुद्धा नाहीत. खाली एक शब्द, ‘कचरा’. लगेच दुसऱ्याने समीक्षकांचे गुण चिकटवले, शंभरपैकी ८८. मग दोघांची जी जुंपली, ती दुपारपर्यंत.

त्या मुलाला कोणी हे सांगितलंच नाही की दोन्ही स्क्रीनशॉट २०१२ च्या पीसी आवृत्तीचे आहेत. पीएस४ वर हा गेम एकाच टीव्हीसमोर चौघांना खेळता येतो, त्याला इंटरनेट लागत नाही, आणि ज्या ऑक्शन हाऊसवरून (गेममधलं सामान खेळाडूंनी एकमेकांना विकायचा बाजार) तेव्हा रणकंदन माजलं ते कन्सोलवर कधी आलंच नाही. शेवटी मीच लिहिलं, घे म्हणून. पण राग गेला नाही, म्हणून इथे लिहितोय.

८८ चं काय घेऊन बसलात? डियाब्लो २ ला ८८. डियाब्लो ३ ला ८८. त्याच २०१२ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या, त्याच जातीच्या टॉर्चलाइट २ ला पण ८८. तिन्ही खेळलेल्या कुणालाही विचारा, हे तीन गेम सारखे आहेत का? टॉर्चलाइट २ वीस डॉलरला होता, लॅनवर (इंटरनेटशिवाय, घरातले कॉम्प्युटर जोडून) चालायचा, त्यात मॉड, म्हणजे खेळाडूंनी केलेले बदल, टाकता यायचे. डियाब्लो ३ होता ६० डॉलरला, आणि एकट्याने खेळायचा म्हटलं तरी सतत सर्व्हरला जोडलेला. आकडा मात्र एकच.

माझा मावसभाऊ इचलकरंजीला असतो. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. यंत्रमागाच्या कारखान्यात सुपरवायझर, आणि या प्रकारचे गेम त्याच्याइतके मनापासून खेळणारा माणूस मी बघितलेला नाही. फेब्रुवारी २०१४ च्या शेवटी मी त्याच्याकडे मुक्कामाला होतो. दुसरी पाळी संपवून तो रात्री उशिरा आला, जेवला आणि कॉम्प्युटर लावला. डियाब्लो ३ त्याने कधीचाच सोडला होता, पण त्या आठवड्यात २.०.१ चा पॅच, म्हणजे गेममध्ये सुधारणा करणारा अपडेट, आला होता आणि त्याच्या कानावर काहीतरी आलं होतं. मी झोपलो. मध्येच कुणीतरी खांदा गदागदा हलवतंय. ‘उठ की लेका. बघ, ह्यो पट्टा बघ. माझ्यासाठीच पडलाय.’

त्या पट्ट्यात काय विशेष, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

१५ मे २०१२, डियाब्लो ३ बाजारात आला. पहिल्या २४ तासांत ३५ लाख प्रती खपल्या आणि सर्व्हरने मान टाकली. ‘सर्व्हर भरलेत’ सांगणारी एरर ३७ ज्यांनी बघितली त्यांना वेगळं सांगायला नको. कोरियात परताव्याच्या तक्रारींवरून फेअर ट्रेड कमिशनने गेमच्या कंपनीच्या, ब्लिझार्डच्या, कार्यालयावर धाड टाकली. लोकांनी मेटाक्रिटिकवर शून्य द्यायला सुरुवात केली ती याच दिवसांत. त्यांना आजही ‘ट्रोल’ म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. पैसे मोजलेत, घरात एकट्याने खेळायचंय आणि दारच उघडत नाही, मग माणूस काय फुलं वाहील? हां, शून्य हे काही गेमचं परीक्षण नाही, तेवढं मान्य.

पण समीक्षकांचं काय? बऱ्याच जणांनी नॉर्मल या सगळ्यात सोप्या पातळीवर कथा संपवली, थोडं पुढे जाऊन पाहिलं आणि गुण देऊन मोकळे झाले. मारामारीचं त्यांनी जे कौतुक केलं ते शंभर टक्के खरं होतं. बार्बेरियनचा (गेममधला दांडगा योद्धा) घाव बसला की सांगाडा उडून भिंतीवर आपटतो, तो आवाज, ते वजन, याला तोड नाही. या गेमांचा जीव तिथेच आहे. अगदी पहिला डियाब्लो आधी आळीपाळीने चाली करायचा गेम होता. तो बनवणाऱ्यांपैकी डेव्हिड ब्रेव्हिकने काही तासांत तो बदलला, क्लिक केल्याबरोबर योद्धा जाऊन सांगाड्याला फोडू लागला, आणि तिथून या घराण्याची सुरुवात झाली.

पण घाव कुणावर घालायचा याबरोबर कशासाठी घालायचा हेही असतं ना. कथा संपते तिथे हा गेम सुरू होतो. तेच तळघर, तेच राक्षस, पुन्हा, अजून अवघड, आणि प्रत्येक वेळी वाटतं की आता काहीतरी चांगलं पडेल. २०१२ मध्ये पडायचं काय? फक्त बार्बेरियनला घालता येणाऱ्या पट्ट्यावर इंटेलिजन्स, जे कामाचं जादूगाराला; बार्बेरियनला हवी स्ट्रेंग्थ. आणि बाण ठेवायच्या भात्यावर, जिथे तिचा उपयोग नाही, तिथे स्ट्रेंग्थ. इन्फर्नोला, म्हणजे सगळ्यात अवघड पातळीला, पोचलात की दुसऱ्या अंकातल्या गांधीलमाश्या दोन सेकंदांत लोळवायच्या आणि तिथे टिकायला लागणारं सामान ऑक्शन हाऊसमध्ये विकायला मांडलेलं, जूनपासून तर खऱ्या पैशांतसुद्धा. ज्या वस्तूसाठी राक्षस मारायचे तीच बाजारात मिळते म्हटल्यावर राक्षस मारायचे कशाला? हे पहिल्या आठवड्यात दिसणं शक्यच नव्हतं. आणि तरी निकाल लावला गेला!

डियाब्लो ३ चे माजी दिग्दर्शक जे विल्सन यांनी स्वतः २०१३ मध्ये जीडीसी या गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत मान्य केलं की ऑक्शन हाऊसने गेमचं नुकसान केलं. १८ मार्च २०१४ ला ते बंद झालं. बनवणाऱ्याने चूक कबूल केली, दुकान बंद केलं, लुटीची सगळी पद्धत बदलली. ८८ मात्र जागचा हलला नाही, कारण मेटाक्रिटिक एखाद्या प्रकाशनाने दिलेले पहिलेच गुण धरतं. नंतर कुणी बदलले तरी ते तिथे चढत नाहीत.

आता दादाचा पट्टा. त्यावर स्ट्रेंग्थ होती. बस, इतकंच. नव्या पॅचनंतर जो खेळतोय त्याच्या कामाचंच सामान जास्त पडायला लागलं. पडद्यावर दुर्मिळ सामान पडल्याचा नारिंगी झोत, खुर्चीत मांडी घालून बसलेला दादा, आणि आतून वहिनींचा आवाज, ‘अहो, सकाळी उठायचंय न्हवं?’ तो ऐकतच नव्हता. पट्ट्याच्या एकेका ओळीवर बोट ठेवून मला समजावत होता, ही ओळ अशी, ही ओळ तशी. दिवसभर साच्यांच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस तो. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. त्या चेहऱ्याला किती गुण द्यायचे ते सांगा मला.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. समीक्षकांची अडचण मला कळते. गेम मंगळवारी येतो, वाचकाला शुक्रवारपर्यंत ठरवायचं असतं, आणि संपादक सहा महिने थांबत नाही. ठीक आहे. लिहा, पण परत या! २५ मार्च २०१४ ला डियाब्लो ३ चा विस्तार, रीपर ऑफ सोल्स, आला तेव्हा कितीतरी जण परत आले आणि चांगलं लिहिलं. पण ते विस्ताराचं वेगळं परीक्षण म्हणून वेगळ्या पानावर गेलं. मूळ पानावर २०१२ जसंच्या तसं. आणि तो विस्तार ज्यांच्या हाताखाली झाला ते जॉश मॉस्केरा आधी कन्सोलच्या आवृत्तीवर होते, जिथे कमी पण चांगलं सामान पडायचं. म्हणजे पीसीवाल्यांच्या दुखण्यावरचं औषध सप्टेंबर २०१३ मध्येच बाजारात आलं होतं.

आणि डियाब्लो २ चे भक्त, तुम्हीही ऐका. तुम्ही ज्या गेमच्या आठवणी काढता त्याला ८८ मिळालेच नव्हते. २००० साली परीक्षण झालं ते ६४० बाय ४८० पिक्सेलच्या गेमचं. रूनवर्ड (रून नावाचे दगड ठराविक क्रमाने बसवून बनवायचं खास सामान) २००१ च्या विस्तारात आले. स्किलची सिनर्जी (एका कौशल्याने दुसऱ्याचं बळ वाढणं) आणि तुमचं लाडकं एनिग्मा हे रूनवर्ड २००३ च्या १.१० पॅचमध्ये. दादाच्या वहीत (हो, तो वही ठेवायचा, कुठला रून कुठे पडला याची) पहिली नोंदच १.१० नंतरची आहे. तुमचा सुवर्णकाळ परीक्षणानंतर तीन वर्षांनी उजाडला आणि त्याचं मोजमाप त्या आकड्यात कुठेही नाही.

चौथ्या भागाचं, डियाब्लो ४ चंही तेच. जून २०२३ ला गेम यायच्या आधीच परीक्षणं छापून तयार, कौतुकच कौतुक. १८ जुलैला १.१.० पॅच आला, सगळ्यांच्या पात्रांची ताकद कापली, लोक इतके भडकले की कंपनीला लाइव्ह येऊन सांगावं लागलं की असा पॅच पुन्हा काढणार नाही. मे २०२४ मध्ये सामानाची सगळी घडी पुन्हा बसवली. आज जो खेळायला बसेल त्याच्यासमोर जूनमधला गेम नाही.

दादा हल्ली फार खेळत नाही, मुलीची दहावी आहे. पण कुणी विचारलं तर तो गुण सांगत नाही. तो विचारतो, कशावर खेळणार, एकटा की जोडीने, रोज किती वेळ मिळतो, चिकाटी आहे का. मग सांगतो घे किंवा नको.

माझ्या यादीतल्या ज्या मंडळींनी २०२३ मध्ये चौथ्या भागाचे मराठीत व्हिडिओ केले, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. अजून एक करा. जुन्या पात्रासकट परत आत जा, सध्याच्या सीझनमध्ये (काही महिन्यांनी नव्याने सुरू होणारं पर्व) एक नवं पात्र शेवटच्या अवघड पातळीपर्यंत न्या, पडलेलं सामान दाखवा आणि मग बोला. गुण नाही दिलेत तरी चालतील. मी पूर्ण बघेन आणि सगळ्या ग्रुपवर टाकेन.