गैरसमज असलेल्या डोक्यात माहिती ओतून काही होत नाही

विज्ञानातला एखादा गैरसमज दिसला की आपण लगेच बरोबर माहिती पुरवतो. ती पटली नाही की समोरच्याला अडाणी किंवा हट्टी ठरवून मोकळे होतो. माझं स्पष्ट मत आहे की यात चूक बहुतेक वेळा समजावणाऱ्याची असते. गैरसमज म्हणजे डोक्यातली रिकामी जागा नव्हे. तिथे एक स्पष्टीकरण आधीच ठाण मांडून बसलेलं असतं. ते रोजच्या अनुभवातून तयार झालेलं असतं आणि बऱ्याच ठिकाणी कामही करतं. त्याला हात न लावता शेजारी नवं वाक्य ठेवलं, तर माणूस ते परीक्षेपुरतं पाठ करतो आणि वापरतो जुनंच.

ऋतूंचं घ्या. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते, असं उत्तर भरपूर शिकलेली माणसंही देतात. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण १४.७ कोटी किलोमीटरवर. सर्वांत लांब जाते जुलैच्या सुरुवातीला, १५.२ कोटी किलोमीटरवर. म्हणजे ती सूर्याजवळ असते तेव्हाच उत्तर गोलार्धात थंडी असते. डिसेंबरात ऑस्ट्रेलियात उन्हाळा असतो, हेही याच माणसांना ठाऊक असतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात असतात, पण त्यांची एकमेकींशी गाठच पडलेली नसते. कारण उत्तर देताना भूगोल वापरला जात नाही, शेकोटीचा नियम वापरला जातो: जवळ गेलं की जास्त तापतं. अँड्रिया डिसेसा या संशोधकाने अशाच बारीक नियमांवर वर्षानुवर्षं काम केलं. जवळ तेवढं जास्त. जोर जास्त तर परिणाम जास्त. ढकलणं थांबलं की वस्तू थांबते. हे नियम कुणी शिकवत नाही, म्हणूनच ते कुणी तपासतही नाही.

त्यात पुस्तकातली आकृती भर घालते. पृथ्वीची कक्षा बाजूने पाहिल्यासारखी काढतात, म्हणून ती चपटी दिसते आणि वाचणारा तोच तिचा खरा आकार समजतो. १० सेंटिमीटर व्यासाची कक्षा खऱ्या प्रमाणात काढली, तर तिच्या लांबी-रुंदीतला फरक सुमारे ०.०१४ मिलिमीटर भरतो. पेन्सिलीची रेघ त्याहून कितीतरी जाड असते. सूर्य मध्यापासून जेमतेम ०.८ मिलिमीटर बाजूला येतो. ही आकृती समोरच्यालाच कंपासने काढायला लावा. शेकोटीचा नियम तिथे पहिल्यांदा डळमळतो, आणि तो डळमळल्याशिवाय अक्षाच्या कलाचा, म्हणजे ऋतूंच्या खऱ्या कारणाचा, पृथ्वीच्या तिरकेपणाचा विषय काढण्यात अर्थ नाही.

मग टॉर्च घ्या. कागदावर सरळ प्रकाश पाडा आणि उजेडाच्या कडेने रेघ मारा. आता टॉर्चचं अंतर तेवढंच ठेवून कागद तिरका करा. तोच प्रकाश जास्त जागेवर पसरतो. कागद ६० अंशांनी तिरका केला की जागा जवळजवळ दुप्पट होते. हिवाळ्यात ऊन असंच तिरकं पडतं, म्हणून कमी तापवतं. अंतर न बदलणं इथे फार महत्त्वाचं, नाहीतर पाहणारा पुन्हा अंतरालाच श्रेय देतो. यानंतरही एक खड्डा उरतो. २३.४ अंशांचा कल कळला की पुष्कळ जण म्हणतात, 'बरोबर, कलल्यामुळे तो अर्धा भाग सूर्याच्या जवळ जातो.' जुना नियम नवा शब्द गिळून पुन्हा उभा राहतो. तेव्हा आकडे समोर ठेवा: पृथ्वीचा अख्खा व्यास सुमारे १२,७०० किलोमीटर आणि सूर्य १५ कोटींवर. कलामुळे अंतरात पडणारा फरक यापेक्षा मोठा होऊच शकत नाही.

उष्णतेबद्दलचा गैरसमज याहून चिवट आहे, कारण तिथे हाताला साक्षात अनुभव येतो. धातू थंड लागतो आणि लाकूड उबदार, म्हणून दोघांचं तापमान वेगळं, असं माणूस ठामपणे सांगतो. जाड बुडाचं अ‍ॅल्युमिनियमचं भांडं आणि लाकडी पाट एकाच खोलीत चार-पाच तास ठेवा. दोन्हींना हात लावून तापमानाचा अंदाज लिहून घ्या, मग थर्मामीटर लावा. आकडा सारखाच येतो. आता विचारा, यांच्यावर एकसारखे बर्फाचे खडे ठेवले तर आधी कुठला वितळेल? बहुतेक जण लाकडावरचा म्हणतात. धातूवरचा खडा डोळ्यांदेखत पाणी होतो. धातू उष्णता भराभर वाहून नेतो, हाताकडून स्वतःकडे आणि स्वतःकडून बर्फाकडे. एकाच कारणाने तो हाताला गार लागतो आणि बर्फाला वितळवतो. प्रयोग फसतो तो पातळ पत्रा वापरल्यामुळे. त्याच्याकडे द्यायला उष्णताच थोडी असते, ती संपली की वितळणं मंदावतं आणि लाकडाशी फरक तितका उठून दिसत नाही.

अंदाज आधी लिहून घेणं ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी. हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांच्या गटाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं नुसती पाहिलेल्या विद्यार्थ्यांची समज, ती न पाहिलेल्यांपेक्षा फारशी चांगली निघाली नाही. आधी अंदाज सांगितलेल्यांची मात्र सुधारली. यासाठी प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटं पुरतात. अंदाज कागदावर नसेल, तर निकाल पाहिल्यावर 'मला हेच वाटलं होतं' असं वाटू लागतं. माणूस खोटं बोलत नसतो. आठवणच निकालाला जुळवून घेते.

झाडाच्या वजनाचा प्रश्नही मला तितकाच आवडता आहे. बीपासून एवढा मोठा वृक्ष झाला, त्याचा लाकूडफाटा आला कुठून? 'मातीतून' हे ठरलेलं उत्तर. प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण फळ्यावर बिनचूक लिहिणारेही हेच सांगतात. यान बाप्टिस्ट फॅन हेल्मॉंट यांनी सतराव्या शतकात सुमारे ९० किलो कोरड्या मातीत विलोचं २.३ किलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड सुमारे ७७ किलोचं झालं, माती घटली ६० ग्रॅमच्या आत. तरी त्यांनी काढलेला निष्कर्ष होता, सगळं वजन पाण्याचं. वायूंचा अभ्यास करणाऱ्या, 'गॅस' ही संज्ञा देणाऱ्या माणसालाही हवेतून लाकूड होईल हे सुचलं नाही. खरा अडसर प्रकाशसंश्लेषणात नाहीच, तो 'हवेला वजन नसतं' या समजुतीत आहे. म्हणून सुरुवात तिथून करावी. एक घनमीटर हवा साधारण १.२ किलोची. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर उंच खोलीत ४३ किलो हवा भरते. हा गुणाकार समोरच्यानेच केला, तर कार्बन डायऑक्साइडमधून खोड तयार होणं त्याला अशक्य वाटत नाही.

आणि इतकं करूनही जुनी समजूत पुसली जात नाही, फक्त दाबली जाते. अँड्र्यू श्टुलमन आणि जोशुआ वाल्कार्सेल यांनी २०१२ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विधानं देऊन झटपट खरं-खोटं ठरवायला सांगितलं. 'चंद्र पृथ्वीभोवती फिरतो' याला सहजबुद्धी आणि विज्ञान दोन्हींची संमती असते, त्यावर उत्तर पटकन येतं. 'पृथ्वी सूर्याभोवती फिरते' यासारख्या, सहजबुद्धीशी भांडणाऱ्या विधानांना वेळ जास्त लागतो आणि चुकाही जास्त होतात. शाळेत शिकून वर्षं लोटली तरी हेच. डेबोरा केलेमन यांच्या गटाने २०१३ मध्ये चक्क व्यावसायिक शास्त्रज्ञांची घाईत चाचणी घेतली. घाई असताना 'प्राण्यांना श्वास घेता यावा म्हणून झाडं ऑक्सिजन देतात' अशा हेतू चिकटवणाऱ्या वाक्यांना त्यांनीही जास्त होकार दिला. तेव्हा कुणी एकदा समजून घेऊन महिन्याने पुन्हा जुनं बोलला, तर चिडू नका. दोन-तीन आठवड्यांनी तोच प्रश्न वेगळ्या रूपात पुन्हा विचारा. तेच शब्द वापरलेत तर पाठ केलेलं उत्तर येईल आणि तुमची फसगत होईल.

आता लेखी दुरुस्तीबद्दल, कारण आपले बहुतेक वाद फोनवरच्या गटांत होतात. 'हे खोटं आहे' एवढंच लिहून थांबणं निरुपयोगी. हॉलिन जॉन्सन आणि कॉलीन सायफर्ट यांनी १९९४ मध्ये लोकांना एका गोदामाच्या आगीची बातमी वाचायला दिली. आधी कळलं की कपाटात तेलरंग आणि गॅस सिलिंडर होते, नंतर कळलं की कपाट रिकामं होतं. दुरुस्ती लक्षात राहूनही 'इतका धूर का झाला?' या प्रश्नाला लोक तेलरंगांचं कारण देत राहिले. कुणीतरी मुद्दाम आग लावल्याच्या खुणा असं दुसरं कारण मिळालं, तेव्हा तेलरंग मागे पडले. कारण काढून घेतलं की तिथे दुसरं कारण बसवावंच लागतं.

'सर्दीवर अँटिबायोटिक घेतल्याने बरं वाटतं' याची दुरुस्ती मग अशी करावी. पहिलं वाक्य वस्तुस्थितीचं: सर्दी विषाणूंमुळे होते आणि साधारण ७ ते १० दिवसांत आपोआप जाते. मग गैरसमज एकदाच, तो गैरसमज आहे हे आधी सांगून. मग तो खरा का वाटतो ते: औषध सुरू होतं तिसऱ्या-चौथ्या दिवशी, त्रास शिगेला असताना. त्यानंतर उतार पडणारच असतो, पण श्रेय गोळीला जातं. शेवटी यंत्रणा: ही औषधं जिवाणूची पेशीभित्तिका किंवा त्याची प्रथिनं बनवणारी यंत्रणा मोडतात, विषाणूकडे यातलं स्वतःचं काहीच नसतं. यातली 'खरा का वाटतो' ही पायरी लोक हमखास गाळतात. ती असली की समोरच्याला मूर्ख न ठरता मत बदलता येतं. खोटा मजकूर जसाच्या तसा पुन्हा पाठवून त्याखाली 'खोटं' लिहिणं टाळा. वारंवार वाचलेलं वाक्य खरं वाटू लागतं, हे १९७७ पासूनच्या प्रयोगांत दिसलं आहे. लिसा फॅझिओ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं की विषयाची माहिती असणारेही यातून सुटत नाहीत.

पण दुरुस्तीला घाबरूही नका. 'पुरावा दिला की माणूस उलट जास्त हट्टाला पेटतो' हे वाक्य सध्या फार ऐकू येतं. थॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी १०,००० हून अधिक लोकांवर आणि ५० हून अधिक मुद्द्यांवर हे तपासलं, तेव्हा असा उलटा परिणाम जवळपास सापडलाच नाही.

जिथे मत एखाद्या गटाच्या ओळखीशी बांधलेलं असतं, तिथलं गणित वेगळं. डॅन कहान यांच्या २०१२ मधल्या अमेरिकेतल्या अभ्यासात हवामानबदलावरची दुफळी विज्ञान आणि आकडे जास्त कळणाऱ्या लोकांत कमी नव्हती, उलट जास्त होती. हुशारी आपल्या बाजूचे मुद्दे शोधायला वापरली जाते. अशा वेळी टॉर्च आणि बर्फ कामाचे नाहीत. चारचौघांत वाद घालू नका, वेगळं बोला आणि 'का?' ऐवजी 'कसं?' विचारा. 'का?' विचारलं की माणूस बचावाला उतरतो, 'कसं?' विचारलं की त्याला यंत्रणा पायरीपायरीने मांडावी लागते. लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी २००२ मध्ये दाखवलं की झिप किंवा कुलूप कसं चालतं हे सविस्तर लिहायला लावल्यावर लोक आपल्या समजेला स्वतःहून कमी गुण देतात. रिबेका लॉसन यांनी सायकल काढायला सांगितली, तेव्हा काहींनी साखळी पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना जोडली. अशी सायकल वळणारच नाही. 'कसं?' विचारून झालं की मात्र गप्प बसा आणि त्याला त्याची साखळी पूर्ण काढू द्या. मध्येच दुरुस्त केलंत, तर ती चूक त्याची राहत नाही, तुमचा मुद्दा होते.