लहान खोलीतले गाणे

२०२५च्या जानेवारीत नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे तीन कार्यक्रम झाले, पाठोपाठ अहमदाबादला दोन झाले, आणि महिना संपण्याआधीच पंतप्रधानांनी भुवनेश्वरच्या भाषणात ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’चा, म्हणजे मोठ्या संगीत कार्यक्रमांभोवतीच्या अर्थकारणाचा, उल्लेख केला. तेव्हापासून पुण्याला फोन केला की संगीताचा विषय मोठी मैदाने, हॉटेलांचे दर आणि या उलाढालीतला महाराष्ट्राचा वाटा यांच्याकडे वळतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हाच बँड, मी राहतो त्या लीड्सपासून तासाभराच्या अंतरावरच्या हल शहरात वाजवायला आला. हल आणि लंडनच्या वेम्ब्ली येथील कार्यक्रमांतून होणाऱ्या स्वतःच्या कमाईतला दहा टक्के हिस्सा त्यांनी म्युझिक व्हेन्यू ट्रस्टला देण्याचे आधीच जाहीर केले होते. ही संस्था २०१४पासून ब्रिटनभरच्या लहान, स्थानिक व्हेन्यूंसाठी, म्हणजे संगीत सादर होते त्या जागांसाठी, काम करते. त्यामुळे इकडे त्या बँडच्या निमित्ताने बोलणे निघाले ते दोन-तीनशे माणसांच्या खोल्यांबद्दल. मायदेशी चाललेल्या चर्चेत ही खोलीच मला कुठे दिसत नाही, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची आहे असे माझे ठाम मत आहे.

लीड्समध्ये अशी माझी आवडती जागा म्हणजे ब्रुडनेल सोशल क्लब. १९१३ साली कामगारांचा क्लब म्हणून सुरू झालेल्या या संस्थेच्या बैठ्या इमारतीत आजही एका बाजूला स्नूकरची टेबले आहेत आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम चारशे माणसे उभी राहतील एवढी खोली आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी ज्यांच्यासाठी तिकीट काढले होते, त्यांच्याआधी दोन अनोळखी बँड वाजवणार होते, आणि त्यांतला पहिला याच शहरातल्या विद्यार्थ्यांचा होता. त्यांची सगळी गाणी त्यांनी स्वतः लिहिलेली होती, काही अर्धवट वाटत होती, तरीही लोक गप्पा थांबवून ऐकत होते. कार्यक्रम संपल्यावर तीच मुले दाराजवळच्या टेबलावर बसून आपली रेकॉर्ड आणि टी-शर्ट विकत होती. गाणे ऐकल्यानंतर पाच मिनिटांत ते करणाऱ्याच्या हातात पैसे देता येतात, हा अनुभव मला पुण्यात कधी आला नव्हता. ब्रिटनमधला २०२४चा मर्क्युरी संगीत पुरस्कार मिळवणारा इंग्लिश टीचर हा बँड लीड्सचाच. अशा लहान खोल्यांमध्ये वाजवतच त्यांनी वाट काढली.

हे सारे इथे आपोआप टिकलेले नाही, आणि सुखासुखी तर मुळीच टिकलेले नाही. ट्रस्टच्या अहवालानुसार २०२३ या एकाच वर्षात १२५ लहान जागांमधले संगीत बंद पडले. २०२४मध्ये उरलेल्यांपैकी ४३.८ टक्के जागा तोट्यात होत्या आणि सरासरी नफा अर्ध्या टक्क्याहूनही कमी होता. पण अशा जागा टिकवण्यासाठी इथल्या लोकांनी गेल्या काही वर्षांत जे केले, ते आपल्या राज्यकर्त्यांनी आणि रसिकांनी नीट पाहावे असे आहे. मद्यविक्रीचा परवाना असलेल्या जागेत सकाळी आठ ते रात्री अकरा या वेळेत, ठरावीक संख्येपर्यंतच्या श्रोत्यांसमोर गाणी वाजवायला वेगळ्या परवानगीची गरज राहू नये, असा कायदा २०१२ साली झाला. आज ही मर्यादा ५०० श्रोत्यांची आहे. जुन्या व्हेन्यूशेजारी नवी इमारत उभी राहिली तर आवाज रोखण्याची जबाबदारी नवीन बांधकाम करणाऱ्याची, हे तत्त्व २०१८मध्ये इंग्लंडच्या नियोजन धोरणात आले. स्टेडियम आणि अरीनामधल्या मोठ्या कार्यक्रमांच्या प्रत्येक तिकिटामागे एक पौंड लहान जागांसाठी बाजूला काढावा, या संसदीय समितीच्या सूचनेला सरकारने २०२४मध्ये पाठिंबा दिला, जरी तो अजून ऐच्छिकच आहे. आणि मँचेस्टरजवळच्या अ‍ॅथर्टन गावातली ‘द स्नग’ ही जागा तर २०२३मध्ये सामान्य रसिकांनी शेअर घेऊन उभारलेल्या पैशातून एका सामुदायिक संस्थेने विकत घेतली, जेणेकरून घरमालकाच्या मर्जीवर ती अवलंबून राहू नये. ही बातमी वाचताना मला साखर कारखाने, दूध संघ आणि नागरी बँका आठवल्या. भागभांडवल गोळा करून सामाईक गोष्ट उभी करण्याचे तंत्र महाराष्ट्राला कोणी शिकवावे लागत नाही. ते आपण गाण्याच्या खोलीसाठी वापरलेले नाही, इतकेच.

घरच्या चर्चेत यावर एक ठरलेले उत्तर मिळते. मराठीत स्वतंत्र संगीताला श्रोताच नाही, आपल्या लोकांना चित्रपटातले किंवा माहीत असलेलेच गाणे हवे असते, असे मला अनेकांनी सांगितले आहे. मला हे पटत नाही, कारण आपला इतिहास उलट सांगतो. गजाननराव वाटवे गणेशोत्सवात रस्त्यावरच्या मांडवात भावगीते गात आणि ती ऐकायला गर्दी लोटे. वामनदादा कर्डक वस्त्या-वस्त्यांत जाऊन स्वतः रचलेली गाणी गायले, आणि पुढे भीमगीतांच्या कॅसेटी कोणत्याही मोठ्या जाहिरातीविना घराघरांत पोहोचल्या. ‘इंडी’ हा शब्द आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधीचे हे स्वतंत्र संगीत आहे. आज मुंबईच्या स्वदेशीसारख्या गटातले रॅपर मराठीत जमिनीचे आणि जंगलाचे प्रश्न मांडतात, तेव्हा ते त्याच रांगेत उभे असतात. श्रोता होता आणि आहे. त्याला दर आठवड्याला जाऊन उभे राहता येईल अशी जागा नाही.

माझ्या एका मित्राने पुण्यात तीन वर्षे स्वतःच्या मराठी गाण्यांचा बँड चालवला. एका कॅफेने त्यांना संधी दिली, पण दुसऱ्याच आठवड्यात व्यवस्थापकाने सांगितले की ओरिजिनल दोनच वाजवा, बाकी सगळे हिंदी कव्हर्स, म्हणजे इतरांची गाजलेली गाणी, हवेत, कारण गिऱ्हाईक जेवायला येते. त्या व्यवस्थापकाला मी दोष देत नाही. त्याचा धंदा जेवणाचा होता. पण कॅफेच्या कोपऱ्यातून उठल्यावर पुढची पायरी कोणती? बालगंधर्व रंगमंदिरात हजाराच्या आसपास खुर्च्या आहेत, आणि नव्या बँडने त्या भरण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. सुदर्शन रंगमंचासारखी एखादी लहान जागा आहे, पण तिच्यावर नाटकवाल्यांचाच भार मोठा आहे. अखेर मित्राचा बँड मोडला.

खेदाची गोष्ट ही की, याच पुण्याने नाटकासाठी अशा पायऱ्या बांधल्या आहेत. पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३पासून चालू आहे, राज्य नाट्य स्पर्धा त्याहूनही जुनी, आणि कॉलेजातल्या पोराने लिहिलेली पहिली संहिता ऐकायला भरत नाट्य मंदिर गच्च भरते. नवे लेखन कच्चे असणार हे तिथला प्रेक्षक गृहीत धरून येतो, आणि त्या कच्चेपणातच त्याला रस असतो. फिरोदिया करंडक या दुसऱ्या महाविद्यालयीन स्पर्धेत गाणीही असतात, पण ती सादरीकरणाच्या पोटात. केवळ नवे शब्द आणि नवी चाल घेऊन उभ्या राहणाऱ्याला असे काही मिळत नाही.

आता यूट्यूब आणि स्पॉटिफाय असताना खोली कशाला, असेही विचारले जाते. २०२४पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला वर्षभरात हजार स्ट्रीम मिळत नाहीत, त्याला रॉयल्टी मिळत नाही. मराठीतल्या नवख्या गीतकाराची अनेक गाणी त्याच्या आतच थांबतात. उलट बँडकॅम्प या, कलाकार थेट आपली गाणी विकतात त्या संकेतस्थळावर गाणे विकत घेतले तर डिजिटल विक्रीतला साधारण पंधरा टक्के वाटा संकेतस्थळ ठेवते, आणि ठरावीक शुक्रवारी तोही सोडून देते. मी मराठी गाणी शक्यतो त्या शुक्रवारी विकत घेतो. भारतात २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा सुरक्षित केला, ही मोठी गोष्ट झाली. पण लीड्समध्ये लहानशा गिगनंतरही वाजवलेल्या गाण्यांची यादी पीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे नोंदवली जाते आणि ती लिहिणाऱ्याला त्याचे पैसे मिळतात, तशी सवय आपल्याकडच्या छोट्या कार्यक्रमांना अजून लागायची आहे.

परदेशातल्या मराठी माणसांनीही यात आपला हात लावायला हवा. आमची मंडळे गणपती-दिवाळीला भारतातून प्रसिद्ध गायकांना बोलावतात, आणि प्रेक्षक तीच वीस गाणी पुन्हा ऐकून तृप्त होतात. त्या गाण्यांवर माझेही प्रेम आहे. परंतु विमानाच्या एवढ्या खर्चात वर्षातून एकदा तरी स्वतः लिहून गाणारा एखादा तरुण येऊ शकेल. येत्या डिसेंबरात मी पुण्याला जाणार आहे, आणि मित्राशी बोलणे झाले आहे: शंभर खुर्च्यांचा एखादा हॉल, महिन्यातला एक ठरलेला गुरुवार, दोनशे रुपये तिकीट, तीन गायक, सगळी गाणी त्यांची स्वतःची, आणि दाराजवळ एक टेबल. पहिल्या सहा महिन्यांचे भाडे आम्ही आठ जणांनी वाटून घेतले आहे.