दोन फाइली सापडत नाहीत

शेल म्हणजे आपण टाइप केलेल्या आज्ञा संगणकाकडून करवून घेणारा प्रोग्राम. त्याच्याशी माझी पहिली झटापट पासवर्डवरून झाली. डेटाबेसचा पासवर्ड मीच ठेवला होता, शेवटी दोन डॉलर घालून. पासवर्डात विशेष चिन्हं घाला, असं सगळेच सांगतात. शेलच्या आज्ञांची फाइल, म्हणजे स्क्रिप्ट, तिच्यात तो दुहेरी अवतरणात नीट लिहिला, आणि डेटाबेसनं मला दारातूनच परत पाठवलं. दुपारभर मी तो पुन्हा पुन्हा टाइप करत होतो. शेवटी पडद्यावर छापून पाहिला, तर डॉलरांच्या जागी एक आकडा. पुन्हा चालवलं, तर वेगळाच आकडा. शेलच्या लेखी दोन डॉलर म्हणजे चालू प्रोसेसचा क्रमांक, आणि दुहेरी अवतरणातही डॉलरची सत्ता अबाधित असते. म्हणजे माझा पासवर्ड दर खेपेला आपला आपण बदलत होता. सुरक्षिततेच्या दृष्टीनं उत्तमच, फक्त मला आत जायचं होतं.

मग एकेरी अवतरणाला शरण गेलो. हा पहारेकरी कडक. डॉलर, तारका, बॅकस्लॅश (\), सगळ्यांना मुकाट बसवतो. पण आत दुसरं एकेरी अवतरण दिसलं की त्याला वाटतं आपली पाळी संपली, आणि तो चालू पडतो. त्या अवतरणाआधी बॅकस्लॅश लावावा, तर बॅकस्लॅशलाही त्यानंच गप्प केलेलं. उपाय असा की अवतरण मिटायचं, बाहेर बॅकस्लॅशच्या आडोशानं एक अवतरण ठेवायचं आणि पुन्हा अवतरण उघडायचं. एका चिन्हासाठी चार: '\''. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पडदा पुसला होता.

हीच आज्ञा एसएसएचनं दूरच्या यंत्रावर पाठवायची म्हटली की आणखी मजा. इथला शेल एक थर सोलतो, उरलेल्याचा तिथला शेल सोलतो. एक बॅकस्लॅश धडपणे पोचवायला एका शेलपुढे दोन लागतात, दोन शेलांपुढे चार, तीन भेटले तर आठ. पर्ल ही प्रोग्रामिंगची भाषा वापरणाऱ्यांनी या तिरक्या रेघांच्या रोगाला कललेल्या दातकोरण्यांचा विकार म्हटलंय. माझ्या एका ओळीत तसल्या 16 दातकोरण्या होत्या. ती ओळ चालत होती, म्हणून मी तिच्याकडे पुन्हा बघितलं नाही.

पण हे सगळं किरकोळ. खरा घात केला एका तारकेनं.

जुन्या फाइलींच्या नावांची यादी वाचायची आणि एकेक उडवायची, एवढीच स्क्रिप्ट होती. यादीत एक नाव होतं: अहवाल * अंतिम. फाइल महत्त्वाची आहे हे कळावं म्हणून कुणीतरी तारका घातली होती. पुढे नक्की अंतिम अहवाल आला आणि ही बिचारी यादीत गेली. स्क्रिप्ट चालवली, तर 'आरएम'नं, म्हणजे फाइल पुसणाऱ्या आज्ञेनं, तक्रार केली: 'अहवाल' नावाची फाइल सापडत नाही. मग दुसरी: 'अंतिम' नावाची फाइल सापडत नाही. मला त्याची कीवच आली. म्हटलं, काही पुसलं गेलं नाही, सुटलो.

फोल्डर उघडलं. रिकामं.

झालं होतं ते असं. व्हेरिएबलला, म्हणजे यादीतलं नाव ज्यात ठेवलं त्या डब्याला, मी अवतरणं घातली नव्हती, म्हणून शेलनं नाव मोकळ्या जागांवर तोडून तीन तुकडे केले. मधला तुकडा नुसती तारका, आणि तारका म्हणजे फोल्डरमधलं सगळं. त्यात 'अहवाल * अंतिम'ही आलीच, म्हणजे सांगितलेलं कामही त्यानं केलं होतं. बॅकअप होता म्हणून आज हे हसत लिहितोय.

शेलला तरी किती बोलणार? बॉर्न शेल 1979 साली युनिक्स या कार्यप्रणालीच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला, तेव्हा फाइलचं नाव जेमतेम 14 अक्षरांचं असे. एवढ्या जागेत नक्की अंतिम कोण लिहिणार! नियम मात्र तेव्हाही उदार होता आणि आजही आहे. नावात तिरकी रेघ (/) आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं, अगदी नवी ओळसुद्धा. म्हणजे ओळीला एक नाव धरून केलेली माझी यादीही रामभरोसेच.

मग स्क्रिप्टांतल्या चुका दाखवणारं शेलचेक बसवलं. त्यानं माझ्या जुन्या स्क्रिप्टांवर 2086 क्रमांकाची सूचना इतक्या वेळा दिली की मला तो क्रमांक स्वतःच्या फोन नंबरापेक्षा चांगला पाठ झाला. सूचना एकच: व्हेरिएबलला दुहेरी अवतरणं घाला. घातली. नावाची सुरुवातच आडव्या रेघेनं झाली तर आरएम तिला पर्याय, म्हणजे कसं पुसायचं याची सूचना, समजतो, आणि तिथे अवतरणांचा उपयोग नाही, कारण ती शेलनं आधीच काढलेली असतात. म्हणून नावाआधी दोन आडव्या रेघाही ठेवल्या, पर्याय संपले हे सांगायला.

ही ओळ एका सहकाऱ्यालाही हवी होती. त्याच्याकडे त्याच फोल्डरची प्रत होती, यादीही तीच. मी वर्ड प्रोसेसरमध्ये सुबक टिपण टाइप करून पाठवलं. त्या प्रोसेसरनं टाइप करतानाच माझी सरळ अवतरणं छान वळणदार केली, दोन रेघा जोडून एक लांब केली. छापील पुस्तकासारखं दिसत होतं. मला कौतुक वाटलं.

तासाभरानं त्याचा फोन आला.

"अरे, तीन फाइली सापडत नाहीत म्हणतोय. एकीचं नाव तर नुसती आडवी रेघ आहे."

"बरं," मी सावकाश विचारलं, "आणि बाकीच्या?"

"बाकीच्या कुठल्या?"