काळ्या पट्ट्यांबद्दल दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब. शनिवारी तुम्ही दोनदा फोन केलात आणि आमच्याकडून उचलला गेला नाही, त्याबद्दल माफ करा. शनिवारी लॅमिंग्टन रोडवर काउंटरपुढे उभं राहायला जागा नसते, पण ते काही कारण झालं नाही.

आता जुने व्हिडिओ गेम टीव्हीवर चालवणाऱ्या आमच्या बॉक्सला तुम्ही दिलेल्या दोन ताऱ्यांबद्दल. तुम्ही लिहिलंय, 'टीव्हीभर चित्र येत नाही, चारी बाजूंनी काळं, आडव्या रेघा कुठे जाड कुठे बारीक, रंग लहानपणीसारखे नाहीत, 6,800 रुपये घेऊन फसवणूक.' बाकीचं ऐकून घेतलं असतं, पण काळ्या पट्ट्यांवरून फसवणूक म्हणता, ते लागलं. ते पट्टे मुद्दाम ठेवलेत.

निन्टेन्डोच्या जुन्या मशीनवरच्या त्या आठ-बिट गेमचं चित्र मुळात 256 बाय 240 ठिपक्यांचं. जुना टीव्ही वरखाली थोडं खायचा, म्हणून दोन्हीकडच्या आठ-आठ ओळी सोडून 224 धरतात. तुमच्या टीव्हीचा पडदा 1920 बाय 1080 ठिपक्यांचा. 224 ची चौपट 896. पाचपट 1120, मावतच नाही. ओढूनताणून 4.82 पट करता येते, पण मग काही ओळी 5 पिक्सेलच्या आणि काही 4 च्या होतात, आणि एकाच भिंतीतल्या विटा लहानमोठ्या दिसतात. रुंदीचंही तसंच. जुन्या टीव्हीवर ठिपका चौरस नव्हता, 8:7 असा आडवा होता. 256 चौक 1024, त्याला 8:7 लावलं की 1170. म्हणून चित्र 1170 बाय 896 आणि बाकी काळं. आडव्या दिशेला पट पूर्णांकात बसत नाही, त्यामुळे उभ्या कडा किंचित मऊ दिसतात. ती तडजोड आमची, कबूल.

आणि साहेब, राग मानू नका, पण तुम्हीच टाकलेल्या फोटोत आस्पेक्ट रेशो, म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण, 'फुल' (पडदाभर ताणलेलं) आणि इंटिजर स्केल, म्हणजे चित्र पूर्ण पटीतच मोठं करणं, 'ऑफ' दिसतंय. दुकानातून बॉक्स तसा गेला नव्हता, काळे पट्टे घालवायला नंतर बदललं असणार. त्यानेच मारिओ तिसऱ्या हिश्श्याने जाडा झालाय, उभट नाणं गोल झालंय. रेघा जाडबारीक होण्याचं कारणही तेच. जुनं मशीन दर वेळी त्याच ओळींवर चित्र काढायचं, मधल्या फटी काळ्या राहायच्या. त्याच फटी आपण फिल्टरने दाखवतो. पट पूर्ण असेल तरच त्या सारख्या येतात.

मेन्यू, सेटिंग्ज, व्हिडिओ, स्केलिंग असं जा. इंटिजर स्केल ऑन करा, आस्पेक्ट रेशो 'कोअर प्रोव्हायडेड' ठेवा (कोअर म्हणजे बॉक्समध्ये गेम चालवणारा प्रोग्राम). टीव्हीत पिक्चर साइज 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट', गेम मोड चालू, मोशन स्मूदिंग (टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः भरतो ते) बंद. रेघा नकोच असतील तर शेडर्स, म्हणजे तोच रेघांचा फिल्टर, बंद करा, दोन बटणांचं काम आहे.

रंगांचं मात्र आमच्या हातात फार नाही. मूळ मशीनच्या चिपमध्ये लाल-हिरवा-निळा असे ठरलेले आकडेच नव्हते. ती थेट कंपोझिट सिग्नल, म्हणजे एकाच तारेतून जाणारं सगळं चित्र, काढायची आणि रंग टीव्ही ठरवायचा. शेजाऱ्याकडचं आकाश वेगळं निळं दिसायचं ते त्यामुळे. त्यात आपल्याकडचे बरेचसे गेमचे सेट नकली, पाल (आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत) टीव्हीसाठी बनवलेले, सेकंदाला 60 ऐवजी 50 फ्रेम चालणारे. म्हणून आता गेम पळतोय असंही वाटेल. कोअर ऑप्शन्समध्ये 'कलर पॅलेट' आहे, एकेक लावून बघा. मारिओ 3 मध्ये उजव्या कडेला रंगांचे तुकडे उडतात, तेही बॉक्सचं बिघडणं नव्हे. मूळ मशीनवर तसंच येतं, फक्त ते जुन्या टीव्हीच्या चौकटीआड जायचं.

पुढे बॉक्ससोबत मराठीत सेटिंगचा कागद देण्याचा विचार आहे. फोनचंही काहीतरी बघतो.

तरी जमलं नाही तर रविवार सोडून कधीही बॉक्स घेऊन या, समोर लावून देऊ, पैसे नाहीत. तारे दोनच ठेवायचे तर ठेवा, फक्त 'फसवणूक' हा शब्द तेवढा काढा.