हॉवर्डचं घर, आमचा वाडा आणि कमाटी बाग

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुराकडचा एखादा जुना वाडा पाडला की आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन दिवस रणधुमाळी असते. एक पार्टी म्हणते वारसा वाचवा, दुसरी म्हणते गळकं छप्पर तुम्ही शाकारायला या. आणि मग कोणीतरी हमखास मलाच टॅग करतं, की ए टोरंटोवाल्या, तिकडे कसं जपतात ते सांग जरा या लोकांना.

सांगतो. इथे हाय पार्क म्हणून मोठी बाग आहे, तिच्या दक्षिण टोकाला कोलबोर्न लॉज नावाचं घर आहे, 1837 चं. जॉन हॉवर्ड हा शहराचा सर्व्हेअर, त्यानं स्वतः बांधलेलं. थंडीत गेलात तर स्वयंपाकघरात खरा जाळ असतो, त्यावर काहीबाही भाजत असतात, भिंतींना धुराचा वास बसलाय. न्हाणीघर घराच्या आत, त्या काळी टोरंटोत हे केवढं अप्रूप! मला त्या घरातलं सगळ्यात जास्त आवडतं ते तेच, म्हणजे जाळ. नुसती दोरी बांधून 'हात लावू नका' लिहिलेलं नाही.

पण हे घर टिकलं कसं, ते ग्रुपवर कोणी विचारत नाही. हॉवर्डकडे 165 एकर जमीन होती, 1873 मध्ये त्यानं शहराशी सौदा केला, 120 एकर आत्ता घ्या, उरलेली घरासकट माझ्या मरणानंतर, बदल्यात मला वर्षाला 1200 डॉलर द्या. शिवाय अटी घातल्या, बाग लोकांना कायम फुकट, आणि आत दारू नको (हे ऐकून गुजरातच्या माणसाला एकदम घरी आल्यासारखं वाटतं). 1890 ला तो गेला आणि घर शहराकडे आलं. त्याला आणि बायकोला, जेमिमाला, मूल नव्हतं, बाहेर दुसऱ्या बाईपासून तीन होती, पण ती वारस म्हणून काही सातबाऱ्यावर नव्हती! थोडक्यात मालक एक, कागद पक्का, वर पैशाची सोय.

आमच्या वाड्याला वारस किती ते खुद्द थोरल्या काकांना सांगता येत नाही. एक सुरतेला, एक पुण्यात, मी इथे बर्फ उपसतोय, आणि तिथे पावसाळ्यात बादल्या लावत फिरतो तो एकटा चुलतभाऊ. त्याला मी इथून फोटो टाकून वारसा शिकवायचा? तो बिल्डरशी बोलतोय तर बोलू दे, माझी सही तयार आहे. कोरीव खांब तेवढे भंगारात देऊ नकोस, एवढंच त्याला म्हटलंय.

आणि दुसरी गोष्ट, जी मला इथे राहून जास्त टोचायला लागली. बागेत जपलेलं घर म्हणजे ज्याच्याकडे घर होतं त्याची आठवण. आपल्या कमाटी बागेत, सयाजीरावांनी 1879 मध्ये लोकांसाठी केलेल्या बागेत, आठवण आहे ती नेमकी उलटी. 1917 मध्ये डॉ. आंबेडकर कोलंबिया करून, लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून बडोदा संस्थानच्या नोकरीत आले आणि त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी सरायीत पारशी नाव लावून राहिले, तर काठ्या घेऊन लोक आले आणि बाहेर काढलं. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही टाळलं. मग ते या बागेत येऊन बसले, रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट बघत. आता त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात. आम्ही लहानपणी बागेतल्या म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा बघायला आणि छोट्या गाडीत बसायला जायचो, ही गोष्ट आम्हाला घरात कोणी सांगितली नव्हती. वाड्यात तेव्हा खोल्या रिकाम्या नसतील असं नाही.

त्यामुळे भांडायचंच असेल तर न्यायमंदिरासाठी भांडा. 1896 ची ती इमारत, समोर सूरसागर तलाव, 2018 मध्ये कोर्ट नव्या जागी गेलं, तेव्हापासून म्युझियम होणार म्हणून ऐकतोय. तिथे ना काका आड येतात ना बिल्डर, मालक सरळ सरकार आहे, म्हणजे आमच्या वाड्याची एकही सबब तिथे चालत नाही. आणि म्युझियम झालंच तर नुसत्या पगड्या, तलवारी मांडू नका. एक खोली 1917 च्या त्या सरायीला द्या, काठ्यांसकट.